जोकर टाकून लागलेली रमी

मित्रांनो, मी पत्त्यांच्या कॅटातला एक जुना जोकर आहे. पण मी नक्की कोण, असे विचाराल तर अजून मला नीटसे सांगता येत नाही. छापखान्यात बाकीच्यांना रंग मिळाला, आकडा मिळाला. मला नुसती घुंगरांची टोपी.

टेलिफोन ऑपरेटर असलेल्या आत्याबाईंनी आम्हाला विकत घेतले. पहिल्याच डावात त्यांनी मला बदामाच्या सत्ती आणि नव्वीच्या मध्ये बसवले. आपण अठ्ठी आहोत, या समजुतीने मी सुखावलो. पुढच्याच डावात मी किलवरची राणी झालो आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. आत्याबाई भाचरांना सांगत, रमी लागली की जादाचे पान पालथे टाकायचे, आणि एक तरी क्रम जोकरावाचून लागलाच पाहिजे. म्हणजे मी हवा होतो की नको होतो? रमी कळतेय असे वाटेपर्यंत डाव पिसला जाई.

भाचरे मोठी झाली. आम्ही शिलाई मशीनच्या खणात पडलो. रबरबँड वितळून माझ्या पाठीला चिकटला.

बऱ्याच वर्षांनी खण उघडला तो धाकट्या भाचीने. आत्याबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला होता, शब्द हरवले होते. चमच्याला त्या चावी म्हणत, मला पोस्टमन. आता भाची त्यांना रमी शिकवू लागली. एका हातात तेरा पाने मावेनात, म्हणून तिने कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवून त्याच्या केसांत पत्ते खोचले. आत्याबाई इस्पिकच्या राजाशेजारी चौकटची राणी लावत. भाची ती काढून घेई. असे करता करता दोघींचीही पाने तीच खेळू लागली.

एका दुपारी आत्याबाईंनी डाव्या हाताने सगळे पत्ते जमिनीवर लोटले आणि भिंतीकडे तोंड केले. भाची स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी पलंगाखाली पडून होतो. चूक कोणाची, मला उमगेना.

दुसऱ्या दिवशी भाचीने पत्ते गोळा केले. "आत्या, आजपासून मी मधे बोलणार नाही," ती म्हणाली. "चुकले तर चुकू दे."

महिनाभर आत्याबाई चुकत राहिल्या. मग एका डावात मी त्यांच्या ब्रशात होतो. त्यांनी गड्डीतले पान उचलून खोचले आणि मला बाहेर काढले. मला वाटले, आली आपली पाळी. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळले आणि सरळ पालथे टाकून दिले.

भाचीने मला उलटून पाहिले. तिला राहवेना. "आत्या, हा जोकर आहे."

आत्याबाई शब्द शोधत होत्या. "ठाऊक आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "माझी... रमी लागली."

भाचीने ब्रशातली तेरा पाने दोनदा तपासली. सगळी जिथल्या तिथे होती, माझ्यावाचून. मग तिने आत्याच्या मांडीवर डोके टेकले.

तो माझा अपमान होता की मान, हे कोडे मला आजही सुटलेले नाही. पण मित्रांनो, एवढे मात्र ऐका. शिकणाऱ्याच्या हातातले पान ओढून घेऊ नका. त्याला वेळ लागेल, तुमचा जीव खालीवर होईल. तरी थांबा.