मंगळवारचे ताट

दिवाळीच्या सुटीत प्रेमिला कोहमाऱ्याजवळच्या आपल्या गावी आली, तेव्हा अंगणात धान वाळत होते. नागपूरच्या मिशन कॉलेजात ती बी.ए.ला मानसशास्त्र शिकत होती. एका माणसाला पन्नास शब्द ऐकवायचे आणि प्रत्येक शब्दावर त्याला सुचेल तो पहिला शब्द टिपायचा, असा प्रयोग तिला करून न्यायचा होता. तिने धान पाखडणाऱ्या आईलाच धरले.

"कायले माह्या मांगं लागली वो? तुह्या काकीले विचार," धुरपताबाई म्हणाली.

"काकीचं तोंड एकदा सुरू झालं का थांबत नाही. तूच सांग माय. विहीर?"

"दोर."

"झाड?"

"मोहा."

"जेवण?"

सूप थांबले. प्रेमिलाने मनात सात आकडे मोजले.

"मंगळवार."

प्रेमिलाने लिहून घेतले. अर्थ लागेना, आणि तो शब्द तिला दिवसभर टोचत राहिला.

दर मंगळवारी धुरपताबाईच्या अंगात देवी येई. नवरा दुधराम वारला त्याला आठ वर्षे झाली होती. त्यांच्यात पूर्वी विधवेला पाट लावून, म्हणजे तिचे दुसरे लग्न करून, देत. पण दीर टिकारामने धानाची गिरणी टाकली, मोठ्या लोकांत त्याची ऊठबस वाढली आणि मोठ्यांच्या रीती घरात शिरल्या. पाट बंद झाला. विधवेने दिवसातून एकदाच जेवायचे, तेही सर्वांच्या मागून, उरलेले.

मंगळवारी दुपारी गाव जमले. धुरपताबाई घुमू लागली. मंदाकाकीने पाया पडून ताट पुढे केले: भात, वरण, तूप, खीर. बाया हात जोडून देवी पाहत होत्या. प्रेमिला आईचा गळा पाहत होती. घास न चावताच खाली उतरत होते.

तिला पुस्तकातले दडपलेल्या इच्छांचे प्रकरण आठवले, आणि 'मंगळवार' या उत्तराचा अर्थ लागला. पुढे आयुष्यभर लाज वाटावी असा, उत्तर सापडल्याचा आनंद तिला क्षणभर झाला. लोक पांगताच ती बोलून गेली, "काकाजी, देवी नाही ते. भूक आहे."

"म्हणजे आजवर सोंग करून राहिली?" टिकाराम गरजला. "गावात माहं नाक कापलं!"

"सोंग नाही काकाजी, तिले स्वतःलेच ठाऊक नाही..."

"किरिस्तावाईच्या कॉलेजात हेच शिकवते का? मंदा, आता मंगळवारचं ताट बंद!"

सांजेला चुलीपाशी आईने हळूच विचारले, "तू खरं बोलली बाई. पण आता मी पोटभर कवा जेवू?"

या प्रश्नावर पुस्तकात प्रकरण नव्हते. प्रेमिला अंगणात फेऱ्या घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी टिकाराम जेवायला बसला. प्रेमिलाने आईचा हात धरून तिला त्याच्याच पंगतीत बसवले आणि आपले ताट तिच्यापुढे ठेवले.

"हे काय करून राहिली?"

"मायले जेवू घालून राहिली. रोज दोनदा. हे ठरल्याशिवाय मी नागपूरले जात नाही. कॉलेज सुटलं तं सुटलं."

"गाव हासन!"

वाढता वाढता मंदाकाकी म्हणाली, "तुमच्या बहिणीले तुमच्याच बापानं पाट लावून देला. तवा कोण हासलं जी?"

टिकारामने पुढचा घास कालवला. तो उठला नाही.

धुरपताबाईचा हात भाताजवळ जाऊन अडला. देवी म्हणून दोन्ही हातांनी खाणारी ती बाई, माणूस म्हणून जेवायला लाजत होती. प्रेमिला उपाशीच तिच्याजवळ बसून राहिली. बऱ्याच वेळाने आईने पहिला घास उचलला, आणि तो चावला.

वाचणाऱ्याने एवढेच करावे. आज आपल्या घरी सर्वांच्या मागून कोण जेवले, आणि तिच्यासाठी काय उरले होते, हे उठून पाहून यावे.