डाग माझा नव्हे

मी आचऱ्याच्या गुरुदास फोटोवाल्यांचा कॅमेरा बोलतोय. गयावया करायला आलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यावर एक आळ आला होता आणि तो खोटा होता. ऐकायचं असेल तर बसा, नाहीतर वाट मोकळी आहे.

माझा जन्म विलायतेतला. पोटात काळा भाता, पुढे एक भिंग, वर चामड्याचा पट्टा. बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, असलेल्या भिकाजींनी मला मुंबईच्या बंदरात उतरवलं आणि सत्तावन्न साली आचऱ्याला आणून गुरुदासांना विकलं. गुरुदासांनी पडवीत पडदा टांगून दुकान मांडलं. फोटो छापायला देवघराला लागून एक अंधारी खोली केली. मधली भिंत फळ्यांची होती.

माणसं माझ्यासमोर आली की वेगळीच होतात. घरी खेकसणारे मान वाकडी करून हसू आणतात. कधी घड्याळ न बांधलेले शेजाऱ्याचं घड्याळ मागून आणतात आणि तो हात नेमका पुढे धरतात. मी सगळं निमूट टिपलं. दिसलं त्यात माझ्या पदरचं कधी काही घातलं नाही.

मग तो काळा फराटा आला. छापलेल्या फोटोत वरच्या बाजूला, तिरका. आधी सांजवेळी छापलेल्या एखाद-दुसऱ्या फोटोवरच दिसायचा. कुणाच्या टोपीवर पडला तर लोक हसून सोडून देत. पण परशुराम दुकानदारांच्या सत्यवतीच्या फोटोत तो थेट कपाळावर उतरला. फोटो लग्नासाठी मुंबईला गोदीत नोकरी करणाऱ्या एका मुलाकडे गेला होता. तो परत आला. मुलीच्या कपाळाला काही खोड आहे का, अशी विचारणाही सोबत आली.

परशुराम तरातरा दुकानात आले. "गुरुदासा, माझ्या चेडवाच्या कपाळार ह्यो काळो फराटो खंयसून इलो?"

"कॅमेऱ्यातच कायतरी आसा," गुरुदास म्हणाले. क्षणात माझ्यावर ढकलून मोकळे!

त्यानंतर माझे जे हाल झाले ते विचारू नका. भिंग घासलं. भात्याला काळं कापड चिकटवलं. पोटात फुंकर मारून मारून थुंकी उडवली. फिल्म बदलली, पुन्हा फोटो काढला, पुन्हा फराटा. तेव्हा कुणीतरी म्हणालं, ह्याला बाधा आहे. झालं, मला पाटावर ठेवून देवळात नेलं आणि गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान पोटासाठी कॅमेरो घेतलो हा. तेका काय वाकडावंगाळ झाला असात, तर ता दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

गुरुदास नवस बोलले, की देवघरात रात्रंदिवस समई तेवत ठेवीन. आणि गंमत बघा, त्या दिवसापासून प्रत्येक फोटोवर फराटा, तोही आधीपेक्षा ठसठशीत. सत्यवतीचा दुसरा फोटो तसाच निघाला. परशुरामांनी निकाल दिला, "तो कॅमेरो दर्यात टाक. नायतर तुझो धंदो आचऱ्यात चलाचो नाय."

मला संताप आला. तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, की अरे, माझ्या पोटातून निघालेली फिल्म एकदा उजेडात धरून तरी बघा!

ते सत्यवतीने केलं. गावात बायका तिच्या कपाळाकडे टक लावून बघायला लागल्या होत्या. कंटाळून ती वडिलांसोबत दुकानात आली. "काका, माका ती फिलीम बघूची आसा." गुरुदास कुरकुरले, पण तिने हात पुढेच धरला. मग तिने ती फिल्म घरापुढच्या खळ्यातल्या उन्हात वर धरली.

"हेच्यात डाग खंय आसा?"

फिल्म स्वच्छ होती. म्हणजे मी स्वच्छ होतो. फराटा नंतर छापताना पडत होता. ती अंधाऱ्या खोलीत शिरली, दार ओढून घेतलं आणि नजर सरावेपर्यंत उभी राहिली. मग तिने गुरुदासांना आत बोलावलं. फळ्यांच्या फटीतून समईच्या उजेडाची एक तिरीप येत होती आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर पडत होती. नवसाआधी समई सांजवेळीच लागायची, म्हणून तेव्हा फराटाही सांजवेळचाच. गुरुदास सवयीचे गुलाम. कोरा कागद रोज तिथेच काढून ठेवायचे आणि मग सावकाश फिल्म पुसत बसायचे. त्या कागदाचा स्वभावच असा, की उजेड लागेल तिथे तो काळा पडतो.

गुरुदासांचा चेहरा उतरला. "नवसाचो दिवो तो. इजवू कसो?"

"दिवो कित्याक इजवतास? फट बुजवा."

फटीत काथ्या कोंबून वर माती लिंपली. त्याच फिल्मवरून फोटो पुन्हा छापला. कपाळ लख्ख. परशुराम खुशीत आले, आजच मुंबईला धाडतो म्हणाले. सत्यवतीने फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"डाग दिसलो म्हणान मी तेंका नको झालंय. आता डाग गेलो म्हणान होयी? ते माका नको, बाबा." आणि गुरुदासांकडे वळली. "काका, माझो आणखी एक फोटो काढा. ह्या खेपेक मी पदर डोक्यार घेवचंय नाय."

परशुराम बाजूला सरले. ती माझ्यासमोर ताठ बसली. मान वाकडी नाही, उसनं हसू नाही. इतकं सरळ माझ्या भिंगात आधी कुणी बघितलं नव्हतं. पुढच्या वर्षी धामापूरचा एक मुलगा स्वतः चालत येऊन तिला बघून गेला आणि लग्न ठरलं. त्याने फोटो मागितलाच नाही.

आता सदुसष्ट साल आहे. गुरुदासांनी झगझगीत दिव्याचा नवा कॅमेरा घेतलाय. मी कपाटात आहे. खाऱ्या हवेने भिंगाला बुरशी धरली, भाता कोपऱ्यात फाटला. ते सगळं माझं, मी नाकारत नाही. पण मागचं न विसरणारं एखादं गिऱ्हाईक अजून माझ्याकडे बोट दाखवून म्हणतं, "तो डागवालो मा?" आणि गुरुदास नुसते हसतात. त्या हसण्याची मला चीड आहे. गुरुदास, एकदा तोंड उघडून त्याला खरं काय ते सांगा. म्हातारा झालो म्हणून मला मोडीत काढा, माझी हरकत नाही. खोटा म्हणून काढाल, तर गाठ माझ्याशी आहे.