पान लागलं

रखमाजीने विळा टाकला, मानेवर फाडकन थाप मारली आणि मेलेली गांधीलमाशी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली.

"हिला बी मीच गावलो बघा!" तो म्हणाला. कान्ह्याच्या माळावर गवत कापणारी माणसं खदखदून हसली. त्याची बायको धोंडाबाई तेवढी हसली नाही. डोक्यावरचा भारा तिथंच टाकून ती नवऱ्याकडे धावली.

गेल्या साली लोणावळ्याच्या बाजारात त्याला अशीच माशी डसली, आणि एवढा दांडगा गडी भर रस्त्यात कोसळला. दवाखाना चार पावलांवर होता म्हणून बरं! डॉक्टरांनी सुई टोचली, रखमाजी उठून बसला. मग त्यांनी धोंडाबाईला समजावलं होतं, "बाई, सापाचं विष कुणालाही मारतं. माशीचं विष एवढंसं, त्याने तुम्हाआम्हाला नुसतं दुखतं. यांचं अंगच त्या एवढ्याशा विषावर चवताळून उठतं. पुन्हा डसली तर कुठंही थांबू नका. थेट इथं आणा." तिला सगळं उमगलं होतं अशातला भाग नाही, पण 'थेट आणा' एवढं पक्कं उमगलं होतं. गावात सांगितलं तर लोकांनी तिचीच टिंगल केली, आणि त्यात रखमाजी सगळ्यांच्या पुढे.

आता बघता बघता त्याच्या छातीवर, दंडावर गांधी उठल्या. ओठ सुजले. डोळे बारीक झाले.

"घसा आवळतोय गं," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटेना.

तिचा चुलतदीर दत्तोबा गाडीवर गवताचे भारे रचून ठेसनाकडे निघायच्या बेतात होता. खडकीच्या पलटणीच्या घोड्यांचं गवत, ते दुपारच्या मालगाडीला पोचायलाच हवं होतं.

"भावजी, ह्यांला गाडीत घ्या. ठेसनावरनं आगगाडीनं लोणावळ्याला न्यायचंय."

"गांधीलमाशीला दवाखाना?" दत्तोबाने कासरा हातात घेतला. "चुना लाव, वैनी. सावलीत निजव. सांजंपतुर उतरंल सूज."

"न्हाई उतरायची! डाक्तर म्हनलं हुतं..."

"मला काय कमी डसल्यात व्हय? मेलो का मी?"

पुन्हा हशा पिकला. धोंडाबाईला संताप आला, रडूही आलं. मेल्यांनो, त्याच्याकडे बघा तरी! पण बघून करणार काय? माशीपायी कुणी भरली गाडी रिकामी करत नाही. सापापायी मात्र अख्खा गाव हातातलं टाकून उठतो. तिच्या डोक्यात एवढंच आलं, आणि त्याच्या पुढचा विचार तिने केला नाही.

"पान लागलंय!" ती किंचाळली. साप चावला असं माळावर कुणी उघड म्हणत नसे, पान लागलं म्हणायचं. "म्या बघितलं! पायाला डसलं न् गवतात गेलं. माशी मागनं बसली."

मग काय विचारता! विळे पडले, भारे धडाधड खाली आले. मघाशी हसणाऱ्यांनीच रखमाजीला उचलून गाडीत घातलं. एकाने पागोटं फाडून त्याच्या पायाला करकचून आवळलं. दत्तोबाने मालगाडीचं नावही काढलं नाही, बैलांच्या शेपट्या पिरगाळून गाडी सोडली. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन धोंडाबाई हुंदके देत होती, पण तिच्या जिवात जीव आला होता.

ओढ्यापाशी वाट फुटत होती. खाली ठेसन, वर भैरोबा. गाडी वर वळली.

"भावजी, ठेसन तिकडं!"

"पान लागल्याला आधी देवाच्या दारात न्यायचं असतं, वैनी. ठावं न्हाई व्हय तुला?"

"न्हाई लागलं पान! खोटं बोलले मी. माशीच हुती. पाया पडते, गाडी फिरवा!"

दत्तोबाने वळून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"धीर धर, वैनी. भैरोबा हाय," तो म्हणाला आणि बैल आणखी दामटले.

देवळापुढे गेणू भगत तयारच होता. कुणीतरी पळत पुढे जाऊन वर्दी दिली होती. रखमाजीला पायरीशी निजवलं. त्याचे डोळे सुजून पार मिटले होते, दर श्वासाला घशातून शीळ वाजत होती. बाया धोंडाबाईला धरून बसल्या, कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपलीच माणसं, जिवाला जीव देणारी. त्यांच्या हातांतून सुटायचं तरी कसं?

"तूच बघितलास ना, पोरी?" गेणूने विचारलं. "कसला हुता? त्ये कळल्याबिगर मला हात घालता यायचा न्हाई."

"माशी हुती, आबा. गांधीलमाशी."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. गेणूने हातातला अंगारा तसाच धरून ठेवला.

"भ्यालीय ती. येऊ दे भानावर," तो म्हणाला. "मी थांबतो."

सगळे थांबले. शीळ बारीक होत चालली होती. ही माणसं तिच्या एका शब्दासाठी अडून बसणार, आणि तो मिळाल्याशिवाय इथून कुणी हलणार नाही, हे तिला कळून चुकलं.

"नाग," ती म्हणाली. "नाग हुता, आबा. पन बिगीनं आटपा. मग ठेसनावर न्यायचंय."

देवळापुढची सगळी माणसं हलली. कुणी घंटा वाजवली, कुणी पाणी आणायला धावलं. गेणू रखमाजीच्या पायाशी मांडी घालून बसला.

"नागाला येळ लागतो, पोरी," तो मायेने म्हणाला. "तू निवांत बस."