मलमवालीचं बोट

"काकी, हे मलम नाही, लोणी आहे लोणी!" सलूनवाल्याने पिशवी उलटी करून सगळ्या डब्या टेबलावर ओतल्या. "दाढी झाल्यावर गिऱ्हाईक गारव्याची वाट बघत बसलं. शेवटी मला म्हणालं, पावाला लावायचं ते गालाला फासलंस का?"

मलमवाली खुर्चीतून हलली नाही. गल्लीत तिला सगळे याच नावाने ओळखत. नवरा गेल्यावर घराच्या याच मागच्या खोलीत, एका स्टोव्हवर आणि एका पातेल्यावर, तिने मलमाचा धंदा उभा केला होता आणि त्यावर पोरगा वाढवला होता. शाळा तिला फारशी मानवली नव्हती, पण त्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं. वितळलेलं मेण किती निवालं की मेंथॉलचे खडे घालायचे, हे तिचं बोट सांगे. मलमात गारवा उतरला की नाही, हे तिचं कपाळ सांगे. ती कपाळाला लावून बघे, मगच सून डब्या भरायला घेई. वासावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. त्या खोलीत भिंतींनासुद्धा तोच वास होता.

"तुझ्या गिऱ्हाइकाचं कातडं गेंड्याचं असेल," ती म्हणाली. एक डबी उघडून तिने मलम कपाळाच्या कडेला चोळलं आणि डोळे मिटले. "गार आहे. चांगलं झणझणीत गार आहे."

सलूनवाल्याने सुनेकडे पाहिलं. सुनेने त्याच डबीतलं मलम मनगटावर घासलं, त्यावर फुंकर घातली आणि हात खाली घेतला.

"माझंच चुकलं, दादा," ती म्हणाली. "या खेपेला खडे घालायचे माझ्याकडून राहिले. बदलून देते."

"तरीच!" सलूनवाल्याचा जीव भांड्यात पडला. "काकींचा माल असा निघायचाच नाही. काकी, पुढचं पातेलं तुम्ही स्वतः बघा बरं. हिच्यावर सोडू नका."

तो गेला तशी मलमवाली सुनेवर कडाडली. "राहिले? खडे मी माझ्या हाताने घातले. तुझी जीभ खोटं बोलायला एवढी कशी वळवळली?"

"मग काय सांगू, आई?"

"खरं ते सांग."

सून फडक्याला हात पुसत राहिली. "तुम्ही खडे घातलेत तेव्हा मेण कडकडीत होतं. सगळं मेंथॉल वाफेबरोबर उडून गेलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, तर तुम्ही म्हणालात, रडायला काय झालं, माहेरची आठवण आली का?"

"तेव्हाच तोंड उघडायचं होतं."

"उघडलं होतं. आई, अजून पोळतंय, म्हटलं. तुम्ही म्हणालात, बोट माझं आहे की तुझं?"

मलमवालीने हात मांडीवर घेतला. पहिल्या बोटाच्या टोकाला फोड येऊन सुकला होता. तव्याचा चटका असेल, असं तिने मुलाला सांगितलं होतं. चटका कधी बसला ते मात्र तिला आठवत नव्हतं.

सून कपडे काढायला गच्चीवर गेल्यावर तिने मेंथॉलची बरणी उघडली. एक खडा घेऊन कपाळावर घासला. मग मनगटावर घासला, मग मानेवर. डोळ्यांत पाणी आलं, नाकात झोंबलं, पण कातड्याला काहीच जाणवलं नाही. भिंतीवर बोट घासावं आणि भिंतीने काही बोलू नये, तसं. एवढी वर्षं ज्याच्या जोरावर घरात तिचा शब्द चालला, ते आता तिच्याजवळ नव्हतं. मघाशी तिने 'गार आहे' म्हटलं ते आठवणीतून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पातेलं स्टोव्हवरून उतरलं. सून सवयीने बाजूला सरली.

"माझं तोंड काय बघतेस? बोट घाल."

"मी?"

"मग काय शेजारणीला बोलावू?"

सुनेने बोट टेकवलं आणि झटकन काढलं. "पोळतंय."

"मग थांब. मेण कुठे पळून चाललंय?"

सुनेने थोड्या थोड्या वेळाने बोट घातलं. मलमवाली पातेल्याकडे नाही, सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यावरची आठी गेली तेव्हा तीच म्हणाली, "आता घाल खडे. आणि ढवळताना गप्पा मारू नकोस."

सलूनवाला डब्या न्यायला आला तो आधीच शंका घेऊन. "काकी, तुम्ही लावून बघितलंत ना? मागच्या वेळी सुनेने घोळ घातला, म्हणून विचारतो."

सून डब्या मोजण्याच्या निमित्ताने खाली वाकली. 'बघितलं,' एवढं म्हटलं की विषय मिटत होता.

"घोळ तिने नाही घातला. मी घातला," मलमवाली म्हणाली. "माझ्या कातड्याला आता काही कळत नाही. गरम कळत नाही, गार कळत नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी ऐकून घेतलं. यापुढे ही सांगेल ते खरं. पटलं तर ने, नाहीतर दुसरा मलमवाला शोध."

सलूनवाल्याने घाईने पिशवी उघडली. "नेतो की, काकी. नेत नाही असं कुठे म्हटलं?"

"आधी लावून बघ."

सुनेने एक डबी पुढे केली आणि स्वतःही थोडं कपाळाला लावलं. सलूनवाल्याने गालावर चोळलं. "आहाहा!"

"नुसतं आहाहा काय करतोस? कसं लागतंय ते सांग."

"म्हणजे... कोंदट खोलीची खिडकी उघडावी, तसं."

"आणि तुला गं?"

सुनेने विचार केला. "ओल्या केसांतून वारा गेल्यासारखं, आई. आधी नुसता कडेला, मग आत."

मलमवालीने मान हलवली. दोघांचे डोळे मिटलेले होते. ती त्यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

"अजून आहे?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"आहे, आई."

"बरं," ती म्हणाली, आणि डब्या पुढे ओढून झाकणं घट्ट लावू लागली.