खताची चौथी व्याख्या

सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कापडरंग कारखान्याने लिंबायतमधल्या मराठी शाळेच्या परसबागेला दोन टेम्पो खत फुकट दिले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. रंगकारखान्याला पालेभाजीचा उमाळा असा एकाएकी येत नसतो. सोबत माहितीपत्रक छापायचे होते; त्यात 'खत म्हणजे काय' हे मी लिहावे, असा आग्रह झाला. निवृत्त प्राध्यापक स्वस्त पडतो.

मी तीन अर्थ दिले. शेतकऱ्याचे खत म्हणजे उकिरड्यात कुजून, तापून, निवलेले शेण आणि पालापाचोळा. दुकानदाराचे खत म्हणजे पोत्यातला युरिया. तो झाडाला पोसतो, मातीला नव्हे. रोपवाटिकेतले खत म्हणजे कुंडीत भरायचे तयार मिश्रण, ज्यात बहुतांशी नारळाचा भुसा असतो. कारखान्याच्या योगराजने अत्यंत विनयाने चौथा अर्थ जोडून मसुदा परत पाठवला: 'मातीत मिसळता येणारा कोणताही पदार्थ.' या व्याख्येत सांडपाण्याचा गाळ आरामात बसतो. फुटक्या बाटल्याही बसतात.

मी खताच्या तपासणीचा अहवाल मागितला. "येईल, सर." दीड महिना तो येतच होता. तोवर पालक मात्र आला; वीतभर, काळपट हिरवा.

शाळेत खिचडी रांधणाऱ्या सखुबाई मूळच्या अमळनेरकडच्या. त्यांनी मूठभर खत हुंगून पाहिले. "सर, खतात गांडूळ राहतो, हुमणी राहते. याच्यात मुंगीसुद्धा नाही. मुंगीला कळतं, ते आपल्याला कळू नये?"

पहिल्या तोडणीच्या दिवशी योगराज फोटोवाल्याला घेऊन हजर झाला. मुले ताटे मांडून बसली होती. मुलांना वाढण्याआधी एका मोठ्या माणसाने अन्न चाखायचे आणि तशी नोंद वहीत करायची, हा शाळेचा नियम. सखुबाईंनी पालकाच्या भाजीची वाटी सरळ योगराजपुढे धरली.

"घ्या भाऊ. खत तुमचं, पहिला घास तुमचा."

"मावशी, माझा उपवास आहे."

"कशाचा?"

"गुरुवारचा."

"काका, आजे तो बुधवार छे!" पहिल्या रांगेतली पूजा गुजरातीत ओरडली आणि सगळी रांग खिदळली.

योगराजही हसला. न वाजलेला मोबाइल त्याने कानाला लावला आणि बोलत बोलत फाटकाबाहेर गेला. फोटोवाला तिथेच राहिला.

सखुबाईंनी भाजीच्या पातेल्यावर झाकण घातले आणि मुलांना नुसती खिचडी वाढायला घेतली. मी वही उघडली. चाखणाऱ्याच्या रकान्यात लिहिले: 'कारखान्याच्या प्रतिनिधीने भाजी खाण्यास नकार दिला.'

मग फोटोवाल्याला जवळ बोलावले. "या पानाचा फोटो काढा. अक्षर नीट दिसू द्या."