चार किलो सातशे ग्रॅम

मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याचा नव्हे हं मित्रांनो, अंगणवाडीचा! गोल तबकडी, तिच्यात एक लाल सुई, वर तुळईला अडकवायचा एक आकडा आणि खाली झोळी अडकवायचा दुसरा. झोळीत बाळ बसवलं की मी त्याचं वजन सांगतो. आता माझी काच तडकली आहे, रंगही उडाला आहे, पण ताठा मात्र तसूभर कमी झालेला नाही. तो का, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, एका चिंचोळ्या गाळ्यात झाला. एका बाजूला बॅगा शिवत, दुसऱ्या बाजूला पंख्यांची पाती ठोकत. आमचे सिंधी शेठ कारागिरांना रोज बजावत, "बाकी कुछ भी चलेगा, काटा झूठ बोलेगा तो नहीं चलेगा." आमच्या गावाच्या मालाचं नाव काढलं की लोक 'नकली असणार' म्हणून गालातल्या गालात हसतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

२००३ साली सरकारी गोदामातून मी बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला असलेल्या करवंदवाडीत पोहोचलो. तिथल्या अंगणवाडीच्या सेविका विठाताई वाडीच्याच सूनबाई, दहावीपर्यंत शिकलेल्या. मला पाहून आयांनी मुलं पदराआड घेतली. बाळाला असं टांगलं तर नजर लागेल, असं त्यांना वाटे. विठाताईंनी वाद घातला नाही. त्यांनी काजळाची डबी काढली आणि माझ्या तबकडीवरच ठसठशीत तीट लावली. म्हणाल्या, "घ्या, नजर लागंल ती काट्याला लागंल." बायका हसल्या आणि एकेक बाळ झोळीत येऊ लागलं. ती तीट मी पुढे कित्येक महिने दिमाखात मिरवली.

दर महिन्याला वजन व्हायचं. विठाताई तक्त्यावर खूण करायच्या आणि वय व वजन पाहून मुलाची श्रेणी ठरवायच्या. चौथी श्रेणी सर्वांत वाईट. त्या श्रेणीतल्या मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात भरती करायचं, असा सरकारचा नियम होता. आणि त्याची सुरुवात माझ्या सुईपासून व्हायची! मी उगाच ताठ नाही, मित्रांनो.

२००४ चा सप्टेंबर होता. भात शेतात उभं होतं आणि घरातलं संपलं होतं. त्या दिवशी पर्यवेक्षिका संध्या मॅडम अंबरनाथहून तपासणीला आल्या होत्या. बावीस अंगणवाड्या सांभाळताना त्या अगदी मेटाकुटीला येत. त्यांच्यासमोरच वाडीतल्या धाकलू आणि बाळी या जोडप्याची चौदा महिन्यांची मीना झोळीत बसली. सुई चार किलो नऊशेवर थांबली. तिच्या वयाला पाच किलोच्या खाली म्हणजे चौथी श्रेणी.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "विठा, पाच-शंभर लिही. चौथ्या श्रेणीत एकही मूल दिसायला नको, असं मीटिंगमध्ये सांगितलंय. उत्तरं मला द्यावी लागतात गं."

"पण मॅडम, काटा तर..."

"काटा कुठला? उल्हासनगरचा ना? मग झालं तर! शंभर-दोनशे ग्रॅम इकडचं तिकडं होणारच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगतो, मनात भीतीही होती. वर्षभर मुलं मला लोंबकळत होती. माझी स्प्रिंग खरंच सैल झाली असेल तर? पाच-शंभर लिहिलं असतं तर मीनाला दवाखाना मिळाला नसता. खाऊचं पाकीट घेऊन तिला घरीच जावं लागलं असतं.

विठाताई म्हणाल्या, "मग ताडूनच बघू." रेशनचं दुकान पलीकडच्या गावात, अर्ध्या तासाच्या वाटेवर होतं. तिथे सरकारी शिक्का मारलेली वजनं होती. विठाताई तडक निघाल्या.

इकडे मॅडमनी मीनाला मांडीवर घेतलं. बिस्कीट तिच्या ओठांशी नेलं, पण तिने तोंड फिरवलं. ती रडलीही नाही. मॅडमनी तिचा दंड आपल्या दोन बोटांत धरला; बोटांची टोकं सहज जुळली. बाळीला त्यांनी एवढंच विचारलं, "किती दिवस झाले गं अशी आहे?"

"पंधरा दिस, मॅडम. दूध पण ओढत नाय."

विठाताई डोक्यावर पिशवी घेऊन परतल्या. "दुकानदार महिपतीकाका म्हणाले, वजन सांजच्या आत परत आण, उद्या तांदूळ वाटायचाय." त्यांनी ते पाच किलोचं लोखंडी वजन झोळीत ठेवलं. सुई पाच किलो दोनशेवर जाऊन थांबली.

माझी मान शरमेने खाली गेली. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" मॅडम म्हणाल्या आणि पुढच्याच क्षणी मीनाकडे वळल्या. काटा जास्त दाखवत होता. म्हणजे मीना चार-नऊशेचीसुद्धा नव्हती, चार किलो सातशेचीच होती.

विठाताईंनी झोळी काढून टाकली आणि वजन थेट माझ्या आकड्याला अडकवलं. सुई बरोब्बर पाचावर! आता मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

विठाताईंचा चेहरा मात्र उतरला. "चूक काट्याची नाय मॅडम, माझी हाय. जुनी झोळी फाटली म्हणून मी जाड कापडाची नवी शिवली. जुनी काढून सुई शून्यावर आणली, पण नवी टांगल्यावर पुन्हा आणायची राहिली. मागच्या महिन्याची सगळ्या पोरांची वजनं चुकलीत." हे सांगायला त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं. या बाईच्या हाताखाली मी काम केलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या दुपारी वाडीतल्या एकोणीसच्या एकोणीस मुलांना घरोघरी जाऊन पुन्हा बोलावलं. मागच्या वेळी सुटलेला दोन वर्षांचा साईनाथही चौथ्या श्रेणीत निघाला. मॅडमनी पेन मागून घेतलं. मीनाच्या नावापुढे स्वतःच्या हाताने ४.७०० लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली. "मीटिंगमध्ये काय सांगायचं ते मी बघते," म्हणाल्या. दोन्ही आयांना नि मुलांना घेऊन त्या प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपने बदलापूरच्या सरकारी दवाखान्यात गेल्या.

त्या बैठकीत मॅडमना काय ऐकावं लागलं, ते माझ्यापर्यंत आलं नाही. पण दिवाळीनंतर त्यांच्या बावीसही अंगणवाड्यांना शिक्क्याचं एकेक वजन मिळालं. महिन्याला आधी काट्याची परीक्षा, मग मुलांचं वजन, असा नियमच झाला. माझी परीक्षा घेतली म्हणून मला राग येत नाही, मित्रांनो. साईनाथ सापडला तो त्या परीक्षेमुळेच. म्हणून माझी एकच विनंती आहे. अंगणवाडी असो, दवाखाना असो वा रेशनचं दुकान, ते तुमचं आहे. त्याला नावं ठेवून मोकळे होऊ नका आणि डोळे मिटून विश्वासही टाकू नका. जवळ जा, नीट तपासा आणि चूक सापडली की दुरुस्त करा.

एकवीस दिवसांनी मीना परतली तेव्हा पाच किलो चारशे भरली. साईनाथही बरा होऊन आला.

२००९ च्या जूनमध्ये मीना पहिलीत गेली. नवा गणवेश दाखवायला ती अंगणवाडीत आली आणि "मला पण टांगा" म्हणून हटून बसली. विठाताईंनी हसत हसत तिला झोळीत बसवलं, पण तिचे पाय जमिनीला टेकले. सगळा भार तिने स्वतःच्या पायांवर पेलला होता. माझी सुई जराशी थरथरली आणि शून्यावर आली. शून्य दाखवताना मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.