टक् वाजल्यानंतरचा अर्धा फेरा

मित्रांनो, मी एक जुना टॉर्क पाना आहे आणि मी खोटे बोलत होतो. ही गोष्ट मला बावीस दिवसांपूर्वी कळली. त्याआधी कोणी माझ्यावर असा आरोप केला असता, तर मी त्याच्याकडे पुरावा मागितला असता. आता पुरावा आहे आणि तो माझ्याच मुठीला टांगून तपासलेला आहे. अजूनही माझा त्यावर विश्वास बसत नाही. परंतु विश्वास बसणे न बसणे याचा पुराव्याशी काही संबंध नसतो, म्हणून सगळे क्रमाने सांगतो.

साधे पाने नटावर जोर लावतात. मी जोर लावतो आणि मोजतोही. माझ्या पोकळ दांड्यात एक जाड स्प्रिंग आहे. मूठ पिळली की ती दाबली जाते आणि दांड्यावरचा आकडा चढतो. ठरवलेल्या आकड्याइतका नट आवळला गेला की आतला एक लहान तुकडा जागचा घसरतो आणि 'टक्' असा आवाज येतो. त्याचा अर्थ एवढाच, की पुरे, आता थांबा. आकडा दीडशेवर असेल, तर माझ्या अर्धा मीटर लांबीच्या टोकाला तीस किलो वजन टांगल्यावर जेवढा ताण पडेल, तेवढा ताण आल्यावरच टक् व्हायला हवे.

कारखान्यात मला तीन यंत्रांवर तपासले गेले. तिन्ही यंत्रांचे माझ्याबद्दल एकमत झाले. त्या दिवसाचा मला जो अभिमान वाटला, तो पुढे बरीच वर्षे टिकला आणि तोच मला नडला.

मला विकत घेतले ते थोरल्या मिस्त्रींनी. त्यांच्या गॅरेजात गाड्यांच्या स्प्रिंगा, शॉकअप आणि चाकांचे दांडे बसवण्याचे काम चाले. त्यांनी एक रीत पाडली होती. शेवटचा नट आवळताना ते गाडीच्या मालकाला जवळ बोलावत, वाकायला लावत आणि माझा आवाज त्याच्या कानांनी ऐकवत. "ऐकलंत? आता जा बिनघोर." माणसे हसत, मान डोलवत आणि खरोखरच बिनघोर जात. त्या गॅरेजातून टक् ऐकल्याशिवाय गाडी बाहेर पडत नाही, अशी माझी ख्याती झाली.

थोरल्यांची आणखी एक रीत होती, पण ती मालकांना दिसत नसे. काम संपले की ते माझी मूठ उलटी फिरवून आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणत. याला ते पान्याला झोपवणे म्हणत. वर्षातून एकदा ते मला पेटीत घालून तपासणीला नेत. स्प्रिंग दाबलेली ठेवली तर थकते, आणि थकलेली स्प्रिंग लवकर घसरते. यात गूढ काहीच नाही. कोणतीही गोष्ट सतत दाबून ठेवली तर तिचे हेच होते.

थोरले गेले आणि गॅरेज त्यांच्या मुलाकडे आले. मुलगा कामसू होता, प्रामाणिकही होता. नट चोरणाऱ्यांतला नव्हता. मालकाला टक् ऐकवण्याची रीत त्याने कसोशीने पाळली. झोपवण्याची रीत मात्र त्याला वडिलांच्या म्हातारपणचे खूळ वाटली. "रोज तोच आकडा लागतो, मग उतरवा कशाला आणि चढवा कशाला?" असे म्हणून तो मला दीडशेवरच खिळ्याला अडकवू लागला. वार्षिक तपासणी आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहिली. मला आत थोडे सैल वाटे, हे खरे. मी ते वयाच्या खात्यावर टाकले. मोजमाप न करता काढलेले अनुमान होते ते. माझ्यासारख्या साधनाला ते मुळीच शोभले नाही.

मग ती गाडी आली. उंच, करडी, रुंद टायरांची. तिचा मालक जमीन मोजण्याचे काम करी आणि खाचखळग्यांच्या वाटांवरून हिंडे. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या: नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप बसवून गाडी दोन इंच उचलायची आणि आत दणदणीत स्टिरिओ घालायचा. खालचे काम आमच्या मिस्त्रीचे, म्हणजे थोरल्यांच्या मुलाचे. आतले काम शेजारच्या दुकानातल्या एका गृहस्थांचे. ते जिथे जात तिथे आधी त्यांचा आवाज पोहोचे, म्हणून सगळे त्यांना भोंगामास्तर म्हणत.

दोघे एकाच वेळी एकाच गाडीला भिडले.

"मास्तर, दार आपटू नका. खाली माझं डोकं आहे."

"आहे का? मला वाटलं रिकामाच डबा वाजला."

"वाजवा, वाजवा. तुमच्या डब्यानं गाडी चालत नाही. माझ्या स्प्रिंगनं चालते."

"आणि तुमची स्प्रिंग दाखवायला कुणी शेजाऱ्याला बोलावतं का? माझा वूफर मात्र अख्खी गल्ली ऐकते!"

संध्याकाळपर्यंत चारही शॉकअप बसले, चाकांना धरून ठेवणारे आडवे दांडे नव्या उंचीवर जोडले गेले. शेवटी पुढच्या डाव्या दांड्याचा नट राहिला. मिस्त्रीने मालकाला बोलावले, वाकायला लावले आणि माझी मूठ ओढली.

टक्.

"बास, हा आवाज ऐकला की जिवाला बरं वाटतं," मालक म्हणाला.

"वाटणारच. माझ्या हातावर नाही, याच्यावर विश्वास ठेवा," मिस्त्री मला थोपटत म्हणाला.

मीही ठेवला.

त्यानंतर माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच असा अपमान झाला. वूफरचा खोका मागच्या डिकीत डुगडुगत होता. भोंगामास्तरांनी इकडेतिकडे पाहिले, मला उचलले आणि खोका व डिकीची भिंत यांच्यामध्ये पाचर म्हणून ठोकून बसवले! एका मोजमापाच्या साधनाची पाचर! वरून गालिचा आला. मिस्त्री दुसऱ्या दिवशी मला शोधत बसला असेल. मी तोवर निघालो होतो.

पुढचे नऊ दिवस मी त्या वूफरच्या कुशीत काढले. संगीत कसे होते ते सांगता येणार नाही. मला त्यातला फक्त दाब जाणवे. दहाव्या दिवशी पुढच्या डाव्या आसनावर मालकाची आत्या बसली.

आत्यांनी तीस वर्षे मागांच्या कारखान्यात फिटर म्हणून काम केले होते. शेकडो मागांच्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून त्या बोलणे ओळखत आणि स्वतः खणखणीत बोलत. भाचा त्यांना डोंगरापलीकडच्या रुग्णालयात कानाचे यंत्र बसवायला नेत होता.

"यंत्र बसलं ना आत्या, की तुलाही या गाण्याचा बास ऐकू येईल!" तो त्यांच्याकडे तोंड करून म्हणाला.

"मग यंत्र नकोच. समोर बघ आणि गाडी चालव."

चढ सुरू झाला. वूफर दणदणू लागला. आणि त्या दणक्यांच्या मधल्या फटीतून मला दुसरेच काहीतरी जाणवले. पोलादातून ध्वनी हवेपेक्षा सुमारे पंधरापट वेगाने जातो, आणि मी पोलादाला टेकलेलो होतो. ठक्. वळणावर पुन्हा, ठक्. पुढची डावी बाजू. मी लगेच तो विचार झटकला. तो नट मी आवळला होता. मी टक् म्हटले होते. तो सैल असणे शक्यच नव्हते.

मित्रांनो, 'शक्यच नाही' हे शब्द मी तेव्हा निरीक्षणाच्या जागी वापरले.

भाच्याला काहीच ऐकू येत नव्हते. त्याचे कान शाबूत होते, पण ते गाण्याने भरलेले होते. आत्यांनी मात्र अचानक चप्पल काढली आणि तळपाय गाडीच्या जमिनीला लावला.

"थांबव."

"काय झालं? पोटात ढवळतंय का?"

"पोट माझं ठीक आहे. तुझ्या गाडीचं दुखतंय. खाली ठोकतंय काहीतरी."

"आत्या, तो बास आहे! तो पायाला जाणवतो!"

"बास ठेका धरून ठोकतो. हे वळणाला ठोकतंय. मला शिकवतोस? थांबव म्हणते ना!"

"रुग्णालयाची वेळ चुकेल..."

"बहिरी मी आहे का तू?"

तो थांबला, काहीसा चिडून. शंभर पावलांवर उतार सुरू होत होता आणि उताराच्या डाव्या अंगाला दरी होती. त्याने गाणे बंद केले आणि गाडी हळूच दोन हात पुढे घेतली.

ठक्.

त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. मग दार उघडले, तो गाडीखाली सरकला आणि त्याचा आवाज आला तो अगदी लहान मुलासारखा. "आत्या... नट टोकाला आलाय. दोन आटेच उरलेत."

दोन आटे. त्यानंतर दांडा सुटला असता, चाक आतल्या अंगाला मुडपले असते आणि गाडी उताराला लागलेली असती. पुढचे गणित तुम्ही करा. मी केले आणि अर्ध्यावर सोडले.

हत्यारे काढायला त्याने डिकीतला खोका ओढला आणि मी खणकन खाली पडलो. "अरे, हा तर मिस्त्रींचा पाना!" त्याच्या जिवात जीव आला. माझ्याही आला. माझ्या तोंडाला त्या नटाच्या मापाची वाटी अजून बसवलेलीच होती, आकडाही दीडशेवरच होता. आता मी चूक दुरुस्त करणार होतो. चूक कोणाची, हा प्रश्न अजून माझ्या मनात आला नव्हता.

त्याने नट हाताने फिरवत नेला, मग मला लावले आणि ओढले. टक्.

"झालं!" तो बाहेर येऊन आत्यांना सांगू लागला. "टक् वाजलं! घट्ट बसला!"

आत्यांना टक् ऐकू आले नव्हते. यंत्राशिवाय त्यांना ते ऐकू येणारही नव्हते. त्यांनी पदर खोचला, चाक बदलण्याचा साधा पाना उचलला आणि गुडघे धरत गाडीखाली शिरल्या. गाडी दोन इंच उचललेली असल्यामुळे त्यांना ते जमले. साधा पाना त्याच नटावर बसला. त्यांनी जोर लावला.

नट फिरला.

मी पाहत होतो. नट फिरला, मित्रांनो! मी टक् म्हटल्यानंतर. पाव फेरा. त्यांनी श्वास घेतला, पुन्हा ओढले, आणि आणखी पाव. मग तो हलेना.

"हे घट्ट," आत्या खालूनच म्हणाल्या. "तुझा पाना अर्धा फेरा आधीच दमला."

"पण टक् वाजलं की, आत्या!"

"वाजू दे. हात काय सांगतोय?"

बातमी कळताच मिस्त्री मोटारसायकलवरून डोंगरात आला. आल्याआल्या त्याने पहिले वाक्य म्हटले ते हेच, "शक्यच नाही. टक् वाजलं होतं. यांनी स्वतः ऐकलंय." आत्यांनी त्याच्या ओठांकडे पाहिले आणि माझी मूठ त्याच्या हातात दिली. आकडा दीडशेवर होता. त्याने तो पाहिला, मग पुन्हा पाहिला आणि विचारले, "मी याला सोडलं तेव्हाही एवढाच होता?"

"मी हात लावलेला नाही," भाचा म्हणाला.

मिस्त्रीने मला फडक्यात गुंडाळले आणि गॅरेजात परत नेले.

दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या भंगारवाल्याकडून पाच-पाच किलोची वजने आणली, मला शिकंज्यात आडवे धरले आणि मुठीला टांगायला सुरुवात केली. पाच. दहा. पंधरा. भोंगामास्तर दारात उभे होते. त्यांना थट्टा सुचत नव्हती. मी मनाशी तिसाची वाट पाहत होतो. चौथे वजन टांगले, वीस किलो झाले, आणि माझ्या आत काहीतरी माझ्या परवानगीशिवाय घसरले.

टक्.

"पुन्हा लावा," भोंगामास्तर हळूच म्हणाले.

पुन्हा विसाला टक्. तिसऱ्यांदा विसाला टक्. मला कारखान्यातल्या त्या तीन यंत्रांइतकी अचूक साक्ष पुन्हा मिळाली होती. फरक एवढाच, की ती माझ्याविरुद्ध होती.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारले.

हाच तो प्रश्न. मिस्त्रीला उत्तर माहीत नव्हते, मलाही नव्हते. शेवटच्या तपासणीला चौदा महिने झाले होते. त्या चौदा महिन्यांतला कोणताही दिवस असू शकत होता. म्हणजे प्रत्येक दिवस धरणे भाग होते. मिस्त्रीने त्या काळातल्या कामाच्या चिठ्ठ्या काढल्या. त्रेसष्ट गाड्या. प्रत्येक मालकाने वाकून माझा आवाज ऐकलेला. प्रत्येक जण बिनघोर गेलेला.

त्याने गॅरेज बंद केले आणि उधार आणलेला, तपासलेला पाना घेऊन तो घरोघर फिरू लागला. "दादा, गाडी बाहेर काढा. माझी चूक झालीय." काहींनी शिव्या दिल्या, एकाने पाणी दिले, एका बाईंनी विचारले, "पण तुम्ही तर टक् ऐकवलं होतंत ना?" तो पाना घेऊन गाडीखाली शिरला. बासष्ट गाड्यांमध्ये एकोणीस नट सैल निघाले.

बासष्ट. त्रेसष्टावी सापडलेली नाही.

ती वाटेने जाणाऱ्या परक्या कुटुंबाची होती. पांढरी, उंच, टपावर सामान बांधलेली. मागच्या आसनावर दोन मुले पत्ते खेळत होती. चिठ्ठीवर नाव नाही, पत्ता नाही. मिस्त्रीने तिचाही नट माझ्याकडून आवळून घेतला आणि मुलांनाही बोलावून माझा आवाज ऐकवला. ती दोघे हसली होती.

मित्रांनो, साधनांची काळजी घ्या, काम झाले की त्यांना विसावा द्या, आणि ती कितीही जुनी व नावाजलेली असली तरी वर्षातून एकदा त्यांची परीक्षा घ्या. हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझी विनंती वेगळी आहे आणि ती आजची आहे. तुमच्या घरी पांढरी, उंच गाडी असेल, तर पुढच्या वेळी बसाल तेव्हा मोठ्यांना गाणे बंद करायला सांगा. चप्पल काढा. तळपाय खाली टेका आणि पहिले वळण येईपर्यंत कोणीही बोलू नका.